आईचा नळ

नळ बंद झाला, तरी आतला आवाज थांबला नाही. झालं ते एवढंच. मी मागच्या अंगणात, बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवलेल्या निळ्या पिंपाजवळ दोन रिकाम्या बादल्या घेऊन उभी होते. आईची अंघोळ उरकली की पिंपात उतरणारं पाणी उपसायचं आणि लिंबाला, टोमॅटोला घालायचं, हे माझं संध्याकाळचं काम. डोक्यावर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर, बाथरूमची बारकी खिडकी. तिची एक काच कधीची फुटलीय, बसवू बसवू म्हणत राहिलीय. त्या खिडकीतून आधी बादली भरल्याचा आवाज आला, मग नळ फिरवल्याचा. आमच्या नळाला बंद होताना शेवटी एक आचका बसतो, तो बसला. आणि नंतर मला वाटलं, पाइपात हवा अडकलीय. अडकते. पाणी कमी दाबानं आलं की पाइप घसा साफ केल्यासारखे खाकरतात, हे आता शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी पिंपाला कान लावला. पिंप गप्प. आवाज वरून येत होता आणि तो पाइपाचा नव्हता, आईचा होता. हुंदके म्हणतात तसे नव्हते ते. कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढावं, आवाज होतोय म्हणून मधेच थांबावं, श्वास घ्यावा, पुन्हा जरासं ओढावं, तसं काहीतरी. मी बादल्या खाली ठेवल्या. इतक्या हळू की कडीसुद्धा वाजली नाही. आणि कशाला कोण जाणे, मी माझी चप्पलही काढली. म्हणजे आई आत रडतेय आणि मी बाहेर अनवाणी, भिंतीला चिकटून, चोरासारखी. लिंबाचं एक पान पडलं, त्याचाही मला राग आला.

आता हे पिंप आणि या बादल्या, ही सगळी माझीच करणी. आमच्या घरात पाण्याला चार जन्म असतात आणि ते मी ठरवून दिलेत. भाज्या ज्या पाण्यात धुवायच्या, त्यातच नंतर भांड्यांचा पहिला हात, ते पाणी मग फरशीला, फरशीचं संडासात. अंघोळीचं पाणी मात्र थेट झाडांना, म्हणून साबण कमी, शांपू आठवड्यातून एकदा, तोही नावापुरता. पाऊस तिसऱ्या वर्षीही फिरकला नाही तेव्हा शहरात पाणी सकाळचं थोडा वेळ आणि संध्याकाळचं थोडा वेळ असं झालं, बागांना नळी लावायला बंदी आली, गाड्या धुवायला बंदी आली, आणि मला जेवणाच्या टेबलाशी उभं राहून भाषण करायचा झटका आला. त्याच वर्षी मला आवाज फुटला होता ना. त्याआधी मी दातांच्या फटीतून बोलायचे; वर्गात हजेरी दिली तरी बाई दोनदा विचारायच्या. मग भूगोलाच्या बाईंनी मला ढकलून माइकसमोर उभं केलं आणि मला शोध लागला की आवाज बाहेर जातो, शेवटच्या रांगेपर्यंत जातो, आणि आपल्याला काही इजा होत नाही. मग काय, मला थांबवता येईना. बाबा म्हणाले, "आली बघा पाणीमंत्री. बसा मॅडम, शपथविधी नंतर." बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात; सगळं जग त्यांना क्लच आणि ब्रेकनं कळतं. आजोबा म्हणाले, "काय ते नीट मोठ्यानं सांग, मला हे मिश्रण कळलं पाहिजे." ते जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. मी सांगितलं. बाथरूमचं बाहेर जाणारं पाणी गटारात न सोडता बाबांनी त्याला एक आडवा पाइप जोडला, आणि खिडकीखाली पिंप आलं. आजोबांनी झाडांची तपासणी केली: गवत गेलंच म्हणून सांगितलं, गुलाबांना वाचवण्यात अर्थ नाही म्हणाले, लिंबाला सकाळ-संध्याकाळ डोस लिहून दिला. अंगण उघडंबोडकं झालं, कोपऱ्यातलं लिंबाचं झाड तेवढं हिरवं, आजारी माणसाच्या अंथरुणाशी एकटं बसून राहिलेल्या नातेवाइकासारखं. आणि मी शेवटचा नियम सांगितला: नळ चालू ठेवून कुणीही काहीही करायचं नाही. बादली भरायची, नळ बंद. हा नियम सांगताना मी कुणाकडे पाहिलं नाही, पण सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

कारण आईचा नळ. तो आमच्या घरातला जुना विनोद होता. आई कामावरून आली की पिशवी खुंटीला लावायची, "हातपाय धुऊन येते" म्हणायची आणि आत जायची. मग भिंतीतले सगळे पाइप थरथरायला लागायचे, कारण ती नळ सोडायची तो पूर्ण सोडायची. मी गृहपाठ करायचे तेव्हा तो आवाज पाठीमागे असायचाच, घराला स्वतःचा असा एक आवाज असतो तसा. बाबा म्हणायचे, "तुझी आई धबधबा बघायला गेलीय, येईल, परतीची गाडी उशिराची आहे." आजोबा म्हणायचे, "सूनबाई माशांच्या कुळातली." आई बाहेर यायची तेव्हा तोंड लाल, पापण्या ओल्या, केसांच्या कडा चिकटलेल्या; आणि ती हसायची, मग चहा टाकायची, मग आमच्याशी भांडायची, मस्त खणखणीत भांडायची. माझ्या दप्तरावरून, बाबांच्या मोज्यांवरून. तोंड लाल आणि पापण्या ओल्या. तोंड धुतलं की होतंच तसं. एवढी वर्षं बघितलं मी ते. मला आता वाटतं, बघणं ही गोष्ट किती आळशी असते. डोळे आपले उघडे असतात, बस्स. नियम झाला तेव्हा आई भांडली नाही. तिनं माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि म्हणाली, "तुमची सूचना नोंदवली आहे." आम्ही हसलो. कारण ते तिच्या ऑफिसातलं वाक्य होतं.

आई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसते. तक्रारीच्या खिडकीवर. हे सांगितलं की शाळेत सगळे म्हणतात, मग काय बाबा, तुमची मजा आहे. जणू ती येताना पर्समधून पाणी घेऊन येते. मी एकदाच तिथं गेलेय. ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. रांग दाराबाहेर, जिन्यावरून खाली, रस्त्यापर्यंत. लोकांनी वेळ जावा म्हणून भिंतीवर नखानं रेघा ओढलेल्या. सगळ्यांच्या अंगाला एक आंबूस वास, आणि कुणाला त्याची लाज राहिलेली नाही. आत काचेपलीकडे आई. काचेला मधोमध बोलायला एक गोल भोक आहे, आणि त्या भोकाभोवती काच पांढुरकी झालीय, कारण लोक बोलतात तेव्हा थुंकी उडते, आणि काच पुसायला पाणी मिळत नाही. एक माणूस बाटली घेऊन आला होता, आत चहासारखं पाणी; ती त्यानं काचेवर आपटली आणि म्हणाला, "पिऊन दाखवा. माझ्यासमोर." आई म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे." तो म्हणाला, "तुमच्या घरी येतं ना पाणी? अंघोळ केल्यासारख्या दिसताय." आई म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे. पुढे या." तो आवाज तिचा नव्हता. खालीही नाही, वरही नाही, इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. मी बाजूच्या दारानं आत गेले, चष्मा दिला. तिनं तो घातला, "बरं झालं आलीस" म्हणाली, मग मान वाकवून टेबलाखाली गेली. मला वाटलं, पेन पडलं. तर तिथं, पायाशी, कचऱ्याच्या टोपलीमागं तिचा पाण्याचा ग्लास होता. ती अर्धी वाकून, एका हातानं टेबल धरून, दोन घोट प्यायली आणि ग्लास पुन्हा टोपलीमागं ठेवला. माझं तोंड बघून म्हणाली, "वर ठेवला की लोक चिडतात गं. त्यांचंही बरोबर आहे. घसा कोरडा घेऊन उभे राहतात, आणि समोर ही बाई पाणी पिते." शेजारच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "मी तर पितच नाही, मग जायलाही लागत नाही, दुहेरी बचत." दोघी हसल्या. मग आई वर आली, आणि हसू टेबलाखालीच राहिलं. मी घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? आई वाकून पाणी पिते, असं?

त्या संध्याकाळी पिंपाजवळ उभी राहून मी हे सगळं उलट्या क्रमानं आठवत होते: टोपलीमागचा ग्लास, लाल तोंड, थरथरणारे पाइप. म्हणजे तो नळ कधी तोंड धुण्यासाठी नव्हताच. नळ होता आवाजासाठी. दिवसभर शिव्या गिळायच्या, सगळ्या, एकही उत्तर न देता, मग बसमध्ये उभं राहून घरी यायचं, आणि आमच्यासमोर यायच्या आधी, त्या एवढ्याशा जागेत, पाण्याच्या आवाजाखाली सगळं बाहेर टाकून मोकळं व्हायचं. आणि मग भांडायला बाहेर यायचं. किती व्यवस्थित होतं तिचं! आणि तो आवाज मी बंद केला, टाळ्या घेऊन. पिंपात पाणी यायला लागलं. थोडंसंच आलं. मला आधीपासून हे कोडं होतं, ही आत इतका वेळ असते आणि पाणी एवढंसं कसं येतं? अर्धी बादलीही नाही. मी मनात म्हणायचे, आई आदर्श नागरिक आहे. वाः! तेवढ्यात मागचं दार उघडलं. आई, खांद्यावर टॉवेल, तो लिंबापाशी वाळत घालायला नेहमी येते तशी. मला बघितलं. मी अनवाणी, बादल्या रिकाम्या, भिंतीला पाठ. तिनं खिडकीकडे वर बघितलं, फुटक्या काचेच्या जागेकडे. मग माझ्याकडे. मी म्हणाले, "पाइपात हवा होती वाटतं." "हो," आई म्हणाली, "असते." आणि आत गेली. माइकसमोर शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा माझा आवाज तेव्हा दोन पावलांवरसुद्धा गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई बाथरूममध्ये जाऊन लगेच बाहेर यायला लागली. बादली, नळ, आचका, दोन-चार मग पाणी, बाहेर. तोंड लाल नाही, पापण्या कोरड्या. बाबा म्हणाले, "वा, एक्स्प्रेस झालीय." आणि मग मी जे बघत होते ते मला कुणाला दाखवता येईना, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. आई भांडेनाशी झाली. माझं दप्तर दारात आडवं पडलं होतं, ती त्यावरून पाय उचलून गेली. बाबांनी ओला टॉवेल गादीवर टाकला, तिनं तो उचलून वाळत घातला. आजोबा जेवताना म्हणाले, "सूनबाई, आज मीठ जरा…" आणि आई म्हणाली, "बरं. नोंद घेते." आजोबा हसले, बाबा हसले. मी हसले नाही. कारण ते ती गमतीत म्हणत नव्हती. आवाज सपाट. तिला स्वतःला ते कळलंच नव्हतं. मग तो आवाज घरभर झाला. दूधवाल्याशी, माझ्याशी, फोनवर मावशीशी. मावशीनं विचारलं असेल, कशी आहेस; आई म्हणाली, "काही अडचण नाही." मी तिला काचेपलीकडे बघायला लागले. रात्री पडल्यावर मला वाटायचं, आपण सगळे रांगेत उभे आहोत, मी, बाबा, आजोबा, आपापल्या बाटल्या घेऊन, आणि ती पुढे या म्हणते, आणि एक दिवस आपण भोकातून कितीही ओरडलो तरी पलीकडे आई नसेलच, नुसता आवाज असेल. मला याची भीती वाटत होती. आजोबांचं लिंबाचं झाड वाळलं असतं तर सगळ्या गल्लीनं येऊन बघितलं असतं. आईचं कुणाला दिसतही नव्हतं.

आणि दमलेले तर सगळेच होते. हे सांगायलाच हवं, नाहीतर वाटेल की फक्त आमच्याच घरात काही घडत होतं. रस्त्यावर माणसं बादल्या घेऊन चालायची तेव्हा एक खांदा खाली. आता बादली नसतानाही तसाच खाली. शाळेत बाई फळा पुसायच्या आणि हाताला लागलेला खडू न झटकता तसाच ठेवून तास घ्यायच्या. बाबांच्या स्कूलच्या गाड्या धुळीनं इतक्या माखलेल्या की शिकायला येणारे काचेवर बोटानं 'मला धुवा' लिहायचे, आणि बाबा त्याखाली 'आधी मला' असं लिहायचे. मला पहाटे उठायचं, पाणी यायच्या आधी पाइपाचा खाकरा ऐकायचा, भरायचं, मग शाळा, मग उपसायचं. माझ्या तळहातांना बादलीच्या कडीचे वळ, पेन धरलं की टोचतात. पण दमणं आणि दमणं यांत फरक असतो. माझं दमणं झोपलं की जायचं. आईचं कुठे जात होतं? आधी ते नळाच्या पाण्याबरोबर वाहून जायचं, असं म्हणू. आता ते कुठेच जात नव्हतं.

मी बाबांना सांगायचं ठरवलं. ते दारात गाडी कोरड्या फडक्यानं पुसत होते, म्हणजे धूळ एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेत होते. मी म्हणाले, "बाबा, आई पूर्वी आत रडायची." बाबा फडकं झटकत म्हणाले, "आत म्हणजे?" मी सांगितलं. नळ, खिडकी, सगळं. त्यांनी बॉनेटवर फडकं पुन्हा फिरवलं. म्हणाले, "मला वाटलं होतं." मी म्हणाले, "वाटलं होतं? मग?" "मग काय? विचारलं होतं एकदा. काही नाही म्हणाली. काही नाही म्हटल्यावर पुढे काय विचारायचं गं? मी म्हटलं, असेल. आणि बाहेर आली की बरी असायची ना." मी म्हणाले, "आता नाहीये बरी." बाबा म्हणाले, "हो. मोज्यांवरून बोलली नाही या आठवड्यात." त्यांच्या तोंडावर विनोद यायला निघाला होता, तो वाटेत बंद पडला. म्हणाले, "शिकाऊ माणूस गाडीत घाबरला ना, की मी खिडकीबाहेर बघतो. त्याच्याकडे नाही बघायचं. बघितलं की आणखी घाबरतो. मी तेच केलं." मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. माझ्यासारखेच निघाले ते, फक्त जास्त वर्षांचे.

मग मी सरळ आईकडे गेले. मला वाटलं, बोलता येतं ना आता आपल्याला, मग बोलू. ती चिंचोळ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, कोरड्या डोळ्यांनी. मी म्हणाले, "आई, तू नळ सोडत जा." "कुठला?" "बाथरूमचा. पूर्वीसारखा. मी माझी अंघोळ सोडते त्या बदल्यात. एक दिवसाआड करते. हिशेब बरोबर राहील, पाणी जास्त जाणार नाही." आईनं सुरी थांबवली. त्या एका क्षणात ती काचेच्या अलीकडे होती. मला दिसली, स्पष्ट, खूप दमलेली, आणि लाजलेलीसुद्धा. मग म्हणाली, "वेडी आहेस का? मी दिवसभर लोकांना काय सांगते? धरणात किती उरलंय ते मला माहितीये. आणि घरी येऊन मी नळ सोडू? नुसता? मला नाही जमणार आता. एकदा कळल्यावर नाही जमत." मी म्हणाले, "मग तू आमच्यासमोरच…" आणि शब्द अडला. 'रड' हा एवढासा शब्द, तो घरात, कांद्याच्या वासात, म्हणता येईना. आई म्हणाली, "तुमच्यासमोर नाही गं. तुमच्यासमोर मला आई असायचं असतं." आणि मग, सुरी पुन्हा चालवत, "जा, पिंप बघ, भरलं असेल." आवाज सपाट.

मग तो बाटलीचा दिवस आला. त्या दिवशी शहरातल्या कुठल्याशा भागात पाणी आलंच नव्हतं, सकाळचंही नाही. आई घरी आली तेव्हा तिच्या कुर्त्यावर गळ्यापासून खाली तपकिरी डाग होता, वाळलेला, कडक. केसांच्या पुढच्या बटांना चिखल. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. "काय झालं सूनबाई?" आई पिशवी खुंटीला लावत म्हणाली, "एका बाईंनी बाटली उपडी केली. काचेच्या भोकातून. त्यांचं बाळ आजारी आहे. तक्रार नोंदवली आहे." बाबा म्हणाले, "तक्रार तुझी का तिची?" आई त्यांच्याकडे बघत राहिली, जणू प्रश्न दुसऱ्या भाषेत होता. मग म्हणाली, "हातपाय धुऊन येते," आणि आत गेली. बाबा माझ्याकडे बघत होते, मी बाबांकडे. मी मागच्या दारानं बाहेर पळाले.

पिंप सकाळच्या अंघोळींनी गळ्यापर्यंत भरलेलं होतं. साबणाचा पातळ पांढरा पापुद्रा वर. उन्हं उतरली होती, भिंत अजून तापलेली. वर खिडकीत गच्चीवरच्या टाकीचा नळ सुटला, बादली भरली, आचका बसला. मग काहीच नाही. अंगावर मग ओतल्याचा आवाजसुद्धा नाही. मी थांबले. इतकी शांतता की शेजारच्या घरातला पंखा ऐकू येत होता. आणि मग त्या शांततेच्या आत मला ते ऐकू आलं: ती श्वास धरून उभी होती. धरते, सोडते, पुन्हा धरते. म्हणजे मी खाली आहे हे तिला माहीत होतं; मी रोज असते. तिथून निघून जावं? पण मी गेले तरी घर आहेच, आजोबा, बाबा, भिंती, आणि हे शहर तर असं झालंय की दूर कुठे थेंब पडला तरी माणसं कान टवकारतात. मला एवढंच कळत होतं की तिला आवाज हवाय. पुष्कळ, न थांबणारा आवाज, आणि तो पाण्याचाच. आणि पाणी सांडायचं नाही.

मी एक बादली पिंपात बुडवून भरली. दुसरी रिकामी जमिनीवर ठेवली. भरलेली दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली आणि वाकडी केली. पाणी खाली रिकाम्या बादलीत पडलं, धो धो; पत्र्याची बादली, अंगणभर घुमली. संपलं की लगेच बादल्यांची अदलाबदल. भरलेली वर, रिकामी खाली. पुन्हा. तेच पाणी. साबणाचं, गढूळ, आमच्या चौघांच्या अंघोळीचं. त्याला फेस यायला लागला. पहिल्यांदा मी घाई केली, थोडं पायावर उडालं. मग कळलं, धार बारीक ठेवली की वेळ जास्त मिळतो, आणि उंची वाढवली की आवाज मोठा होतो. मी टोमॅटोच्या वाफ्याच्या विटेवर चढले. वरून काही ऐकू येत नव्हतं, आणि येऊ नये हीच तर गोष्ट होती. मग एका अदलाबदलीच्या मधे, तेवढ्या एका सांध्यात, मला ऐकू आलं. कपाट सरकवल्यासारखं नाही आता. तोंड उघडून, मोठ्यानं, लहान मूल पडल्यावर रडतं तसं. मी घाबरून लगेच दुसरी बादली उलटी केली.

भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं बाई, आलं की काय पाणी? एवढ्या लवकर? आणि आमच्याकडे टिपूस नाही!" त्यांच्या घरात भांड्यांचा खणखणाट उठला, कुणीतरी धावलं. मी न थांबता ओरडले, "नाही आलं काकू! आमचं जुनंच आहे!" "मग सांडतेस कशाला इतकं? वहिनी ऑफिसात लोकांना शिकवतात आणि तू…" "सांडत नाहीये काकू! थेंबसुद्धा नाही! तुम्ही या बघायला!" शेवटच्या रांगेपर्यंत गेला माझा आवाज. काकू भिंतीवरून डोकावल्या. त्यांनी मला बघितलं, विटेवर उभी, बादली छातीशी, पाणी वरून खाली, खालून वर. त्या तोंड उघडून बघत राहिल्या. काय समजल्या देव जाणे. खिडकीकडे त्यांची नजर गेली का, मला सांगता येणार नाही. पण त्या म्हणाल्या, "बरं बरं," आणि खाली उतरल्या. आणि जरा वेळानं त्यांच्या अंगणातही कुणीतरी भांडी आपटायला लागलं, उगाचच, एकावर एक.

माझे दंड भरून आले. तळहातावरचे वळ सोलले असावेत, कडी चिकट लागत होती. मागच्या दारात बाबा येऊन उभे राहिलेले मला दिसले. ते आत वळले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. ते पुढे झाले, म्हणाले, "आण," आणि त्यांनी जड बादली घेतली. मी रिकामी खाली धरली. त्यांचा हात माझ्यापेक्षा उंच जातो. पाणी पडत राहिलं. अंधारायला लागलं होतं, पाण्याचा रंग दिसेनासा झाला. मग वरून, फुटक्या काचेच्या जागेतून, आईचा आवाज आला. बसलेला, नाकातला, जाडाभरडा, आणि पूर्णपणे तिचा.

"कोण आहे गं बरोबर?"

"बाबा."

आईनं नाक शिंकरलं.

"हात दुखले का तुमचे?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीकडे बघत होते. "नाही," मी म्हणाले.

"मग अजून थोडा वेळ," आई म्हणाली.

बाबांनी बादली वर उचलली.